अल्सासमधील सायकल पर्यटन

अल्सासमधील सायकल पर्यटन म्हणजे पूर्व फ्रान्समधील अल्सास प्रदेशातील द्राक्षमळे आणि त्यांना लागून असलेला वनाच्छादित व्हॉझ पर्वत यांतून सायकलने केला जाणारा प्रवास. बहुतांश प्रवासी तो मार्गदर्शकासह, सहा ते आठ दिवसांच्या आखीव सहलीच्या स्वरूपात करतात. या सहलींचा कणा म्हणजे मार्लेनहाइम ते तान या गावांदरम्यानचा सुमारे १३० कि.मी. लांबीचा द्राक्षमळा सायकलमार्ग. १९५३ साली सुरू झालेल्या सुमारे १७० कि.मी. लांबीच्या अल्सास वाइन मार्गाला तो साधारणपणे समांतर जातो. मोटारींचा मार्ग मुख्य रस्त्यांवरून जातो, तर सायकलमार्ग बहुतेक ठिकाणी शेतकऱ्यांच्या वहिवाटीच्या मळेवाटांवरून आणि गावांतील गल्ल्यांमधून नेला आहे. त्यामुळे हा प्रदेश एकाच वेळी पर्यटनस्थळ आणि चालू शेती ठरतो. या पर्यटनाचे बहुतेक नियम व वाद या दुहेरी वापरातूनच निर्माण झाले आहेत.

## भूगोल

अल्सास हा पश्चिमेस व्हॉझ पर्वत आणि पूर्वेस ऱ्हाइन नदी यांमधील दक्षिणोत्तर पसरलेला अरुंद पट्टा आहे. सुमारे साडेचार ते पाच कोटी वर्षांपूर्वी येथील भूकवच ताणले जाऊन मधला भाग खचू लागला आणि ऱ्हाइनची खचदरी तयार झाली. दरीच्या पश्चिमेचा उंच भाग म्हणजे व्हॉझ, तर पूर्वेचा म्हणजे जर्मनीतील ब्लॅक फॉरेस्ट. दोन्ही पर्वत मुळात एकाच भूभागाचे असल्याने त्यांचे खडक, वने आणि गोलसर माथे यांत मोठे साम्य आढळते.

खचदरीच्या कडेला खडकांचे थर तुटून वरखाली झाले. त्यामुळे पर्वताच्या पायथ्याशी ग्रॅनाइट, वालुकाश्म, चुनखडी, चिकणमाती आणि वाऱ्याने आणलेली बारीक माती शेजारी शेजारी आढळते. तान येथील रांगेन या तीव्र उताराच्या मळ्यात तर ज्वालामुखीजन्य खडक आहे. साधारण २०० ते ४०० मी. उंचीवरील ही टेकड्यांची रांग द्राक्षमळ्यांनी व्यापलेली आहे. तिच्या वर चेस्टनट व ओक, त्याहून वर बीच व फर यांची वने आणि सर्वांत वर गवताळ माथे असा क्रम लागतो. व्हॉझचे सर्वोच्च शिखर ग्रां बालों (१,४२४ मी.) हे मळ्यांपासून सरळ रेषेत फारसे दूर नाही. सपाट मैदान, मळे, वन आणि माळरान हे चारही पट्टे सायकलस्वाराला एका दिवसात ओलांडता येतात.

हवामानही याच रचनेने ठरते. पश्चिमेकडून येणारे बाष्पयुक्त वारे व्हॉझच्या माथ्यावर भरपूर पाऊस पाडतात. काही ठिकाणी तो वर्षाला २,००० मि.मी.च्या आसपास असतो. पूर्वेचा पायथा पर्जन्यछायेत येतो. मळ्यांच्या मध्यभागी वसलेले कोल्मार हे फ्रान्समधील सर्वांत कमी पावसाच्या शहरांपैकी एक असून तेथील वार्षिक पाऊस साधारण ६०० मि.मी.च्या घरात असतो. कोरड्या, लांबलेल्या शरद ऋतूमुळे द्राक्षे सावकाश पिकतात. सायकलस्वारांनाही याच काळात पायथ्याशी कोरडे हवामान मिळते. मात्र त्याच दिवशी माथ्यावर धुके, थंडी आणि पाऊस असू शकतो.

## इतिहास

### सीमा आणि युद्धे

फ्रान्स-प्रशिया युद्धानंतर १८७१ साली अल्सास जर्मन साम्राज्यात समाविष्ट झाला आणि व्हॉझचा माथा ही दोन देशांची सीमा बनली. पहिल्या महायुद्धानंतर १९१८ साली तो फ्रान्सकडे परतला. १९४० साली नाझी जर्मनीने तो पुन्हा ताब्यात घेतला. १९४४-४५च्या हिवाळ्यात कोल्मारभोवती झालेल्या लढाईत बेनव्हिर, सिगोल्सहाइम आणि आमेरश्व्हिर ही द्राक्षमळ्यांतील गावे जवळजवळ पूर्णपणे उद्ध्वस्त झाली. शेजारच्या रिक्व्हिरमध्ये सोळाव्या शतकातील घरे आजही उभी आहेत, तर काही कि.मी. अंतरावरील बेनव्हिरमध्ये बहुतेक बांधकाम १९४५ नंतरचे दिसते. या फरकाचे कारण हेच युद्ध होय.

### वाइन मार्ग

युद्धोत्तर काळात येथील वाइनला पुन्हा बाजारपेठ मिळवून देण्यासाठी आणि गावांत पाहुणे आणण्यासाठी १९५३च्या मे महिन्यात अल्सास वाइन मार्गाचे उद्घाटन करण्यात आले. मोटारींचे दोन ताफे मार्लेनहाइम आणि तान या दोन टोकांवरून निघून गावोगाव थांबत गेले. पुढे येथील वाइनची कायदेशीर ओळखही टप्प्याटप्प्याने पक्की झाली. १९६२ साली ‘अल्सास’ या नावाला नियंत्रित मूळस्थानाचा दर्जा मिळाला, १९७५ साली निवडक मळ्यांसाठी ‘ग्रां क्र्यू’ हा वरचा दर्जा सुरू झाला आणि १९७६ साली फसफसणाऱ्या ‘क्रेमां’ला स्वतंत्र मान्यता मिळाली.

### सायकलींचे आगमन

पर्वतात भटकंतीची परंपरा याहून जुनी आहे. सावेर्न येथे १८७२ साली स्थापन झालेल्या व्हॉझ क्लबचे स्वयंसेवक आजही येथील पायवाटा आखतात आणि खुणांनी अंकित करतात. १८९० साली स्थापन झालेल्या तूरिंग क्लब द फ्रान्स या संस्थेने सायकलवरून देश पाहण्याची कल्पना फ्रान्सभर रुजवली. १९३६ साली कामगारांना दोन आठवड्यांची पगारी रजा मिळाल्यावर सायकल हे सामान्य कुटुंबांच्या सुटीचे साधन बनले.

स्पर्धात्मक सायकलिंगच्या इतिहासातही व्हॉझला महत्त्वाचे स्थान आहे. तूर द फ्रान्स शर्यतीने १९०५ साली बालों दाल्सास हा घाट चढला. तो या शर्यतीतील पहिला मोठा पर्वतीय चढ मानला जातो. रने पोतिए हा त्याच्या माथ्यावर सर्वप्रथम पोहोचला. अलीकडे २०२२ साली महिलांच्या तूर द फ्रान्सचा एक टप्पा सेलेस्ता येथून मार्कस्टाइनपर्यंत झाला व तो आनेमिक व्हान फ्ल्यूटन हिने जिंकला. २०२३ साली पुरुषांच्या शर्यतीचा उपान्त्य टप्पाही मार्कस्टाइन येथेच संपला.

## सायकलमार्गांचे जाळे

द्राक्षमळा सायकलमार्गाचा बराचसा भाग युरोव्हेलो ५ या आंतरराष्ट्रीय मार्गाचा घटक आहे. ब्रिटनमधून निघून रोममार्गे दक्षिण इटलीतील ब्रिंडिझीपर्यंत जाणारा हा मार्ग मध्ययुगीन यात्रेकरूंच्या वाटेवर आधारित आहे. ऱ्हाइनच्या काठाने जाणारा युरोव्हेलो १५ आणि मुलूझजवळून जाणारा, अटलांटिक महासागर व काळा समुद्र यांना जोडणारा युरोव्हेलो ६ हे अन्य दोन दीर्घ मार्गही अल्सासमधून जातात.

उत्तरेकडून मळ्यांत शिरण्याची सर्वांत सोपी वाट म्हणजे ब्र्यूश कालव्याचा काठ. स्त्रासबुरच्या बालेकिल्ल्यासाठी पर्वताच्या पायथ्याच्या खाणींतून वालुकाश्म आणता यावा म्हणून लष्करी अभियंता व्होबां याने १६८२ साली हा कालवा बांधून घेतला. घोड्यांनी नावा ओढण्याच्या त्याच्या काठावरील वाटेवर आज जवळजवळ सपाट असा सायकलमार्ग आहे.

स्त्रासबुर, सेलेस्ता, कोल्मार आणि मुलूझ ही शहरे रेल्वेने जोडलेली असून प्रादेशिक गाड्यांत सायकल नेता येते. त्यामुळे थकलेल्या किंवा आजारी प्रवाशाला सहल अर्धवट न सोडता एखादा टप्पा गाळणे शक्य होते.

## सहलीचे स्वरूप

मार्गदर्शकासह होणाऱ्या सहलीत साधारणतः आठ ते सोळा प्रवासी असतात. एक मार्गदर्शक गटासोबत सायकल चालवतो, तर दुसरी व्यक्ती सामानाची गाडी चालवते. या गाडीत प्रवाशांच्या बॅगा, सुटे भाग, पाणी आणि विकत घेतलेल्या बाटल्या ठेवल्या जातात. चढ न झेपणाऱ्यांना त्याच गाडीतून पुढे नेले जाते. दुसऱ्या प्रकारात आयोजक केवळ निवास, नकाशे व सामानाची ने-आण यांची व्यवस्था करतो आणि प्रवासी स्वतःच मार्ग काढतात. युरोपीय संघात २०१८च्या जुलैपासून लागू असलेल्या नियमांनुसार वाहतूक, निवास इत्यादी सेवा एकत्र विकणारा आयोजक संपूर्ण सहलीच्या पूर्ततेस जबाबदार असतो. आयोजक दिवाळखोरीत गेल्यास प्रवाशांचे पैसे परत मिळतील अशी हमीही त्याला द्यावी लागते.

उत्तरेकडून निघणाऱ्या सहलीचे टप्पे पुढीलप्रमाणे असू शकतात (अंतरे स्थूलमानाने दिली आहेत) :

* स्त्रासबुर ते ओबेर्ने (४० कि.मी.) : कालव्याच्या काठाने मोल्सहाइमपर्यंत आणि तेथून मळ्यांतून ओबेर्ने. हा टप्पा बहुतांश सपाट असून सायकलची उंची, गिअर व ब्रेक जुळवून घेण्यासाठी उपयोगी पडतो.
* ओबेर्ने ते शातेन्वा (३५ कि.मी.) : बार, मित्तेलबेर्गहाइम, आंदलो आणि दांबाक-ला-व्हिल या गावांतून सतत लहान चढउतार. पश्चिमेस वनांमध्ये सेंत-ओदिलचा मठ दिसतो.
* शातेन्वा ते कायझर्सबेर्ग (३० कि.मी.) : बेर्गहाइम, रिबोव्हिले, हुनाव्हिर आणि रिक्व्हिर. सर्वाधिक प्रसिद्ध आणि म्हणूनच सर्वाधिक गर्दीचा टप्पा. ७५० मी.हून अधिक उंचीवरील ओ-क्योनिग्सबुर किल्ला पाहण्यासाठी वनातून चढून जावे लागते.
* कायझर्सबेर्ग ते मुन्स्टर (२५ कि.मी.) : तुर्कहाइमपर्यंत मळे, त्यानंतर फेश्त नदीच्या खोऱ्यातून पर्वतात प्रवेश.
* मुन्स्टर ते तान (७० कि.मी.) : श्लुख्त खिंड (१,१३९ मी.), मार्कस्टाइन, ग्रां बालों आणि तेथून दीर्घ उतार. सहलीतील सर्वांत कठीण दिवस.
* तान ते कोल्मार (५० कि.मी.) : गेब्व्हिलेर, रुफाक व एगिसहाइममार्गे पुन्हा मळ्यांतून उत्तरेकडे.

मुन्स्टरहून श्लुख्त खिंडीपर्यंत सुमारे १७ कि.मी.मध्ये साधारण ७५० मी. चढावे लागते. चढाची तीव्रता बऱ्यापैकी एकसारखी असल्याने तो नवख्यांनाही संथ गतीने पार करता येतो. विद्युत सायकलींमुळे असे टप्पे वयस्कर प्रवाशांच्याही आवाक्यात आले आहेत. युरोपीय नियमांनुसार या सायकलींची मोटर केवळ पेडल मारत असताना आणि ताशी २५ कि.मी.पर्यंतच साहाय्य करते. उतारावर मात्र त्यांच्या जादा वजनामुळे थांबण्यास अधिक अंतर लागते.

सहलींचा हंगाम एप्रिल ते ऑक्टोबर असतो. हिवाळ्यात माथ्यावरील रस्त्याचा काही भाग बर्फामुळे वाहनांना बंद ठेवला जातो.

## मळे आणि वाइन

अल्सासमध्ये सुमारे १५,००० हेक्टर क्षेत्र द्राक्षांखाली असून उत्पादनापैकी साधारण ९० टक्के वाइन पांढरी असते. रीसलिंग, गेव्हुर्त्सट्रामिनर, पिनो ग्री, मस्कट, पिनो ब्लां आणि सिल्व्हानर या पांढऱ्या, तर पिनो न्वार ही लाल वाइनची प्रमुख जात आहे. फ्रान्समधील अन्य बहुतेक प्रदेशांत बाटलीवर गावाचे किंवा मळ्याचे नाव ठळक असते; येथे मात्र द्राक्षाच्या जातीचे नाव लिहिण्याची प्रथा आहे. बाटलीचा उंच व निमुळता आकार कायद्याने ठरवलेला असून अल्सास वाइन उत्पादनक्षेत्रातच बाटलीबंद करण्याचे बंधन १९७२पासून आहे. ‘ग्रां क्र्यू’ दर्जाचे ५१ मळे आहेत. कायझर्सबेर्ग येथील ग्रॅनाइटच्या उतारावरील श्लोसबेर्ग हा दर्जा मिळवणारा पहिला मळा होता.

बहुतेक वाइन उत्पादकांचे तळघर गावातच, राहत्या घराखाली किंवा अंगणाशेजारी असते. सहलीतील गट आधी वेळ ठरवून तेथे चव घेण्यासाठी जातो. चव घेतल्यावर वाइन न गिळता ठेवलेल्या भांड्यात थुंकून टाकणे हा तेथील सर्वमान्य रिवाज असून त्यात यजमानाचा अवमान मानला जात नाही. लहान उत्पादकांसाठी तळघरातील थेट विक्री महत्त्वाची असते. मोटारीने येणारा ग्राहक पेटीभर बाटल्या नेतो. सायकलस्वार जागेवर थोडेच घेतो, मात्र रात्रीच्या मुक्कामाचा व जेवणाचा त्याचा खर्च गावातच होतो.

## वने आणि माथा

व्हॉझच्या दक्षिण भागात १९८९ साली ‘बालों दे व्होज प्रादेशिक निसर्ग उद्यान’ स्थापन झाले. माथ्यावरील गवताळ माळ हे काही अंशी नैसर्गिक असले, तरी त्यांचा मोठा भाग शतकानुशतकांच्या चराईतून निर्माण झाला आहे. उन्हाळ्यात पशुपालक गाईंसह येथे राहत आणि मुन्स्टर चीज बनवत. त्यांच्या कुरणांवरील अनेक घरे आज शेतखानावळी म्हणून चालतात. तेथे मुख्यत्वे स्वतःच्या शेतावरील पदार्थ वाढले जातात आणि चढ चढून आलेल्या गटांचे दुपारचे जेवण बहुधा तेथेच होते.

माथ्यावरून जाणारा ‘क्रेट मार्ग’ हा सुमारे ८० कि.मी. लांबीचा रस्ता पर्यटनासाठी बांधलेला नव्हता. पहिल्या महायुद्धात फ्रेंच सैन्याला रसद पोहोचवता यावी म्हणून तो आखण्यात आला. जर्मन तोफखान्याच्या नजरेपासून आडोसा मिळावा यासाठी तो बऱ्याच ठिकाणी माथ्याच्या पश्चिम उतारावरून नेला आहे. ग्रां बालोंवरून दक्षिणेस उतरताना हा रस्ता हार्टमान्सव्हिलरकोप्फ या रणभूमीशेजारून जातो. ९५६ मी. उंचीच्या या टेकडीसाठी १९१५ साली दोन्ही सैन्यांनी वारंवार लढाया केल्या. तेथील स्मारकाच्या तळघरात सुमारे १२,००० अनामिक सैनिकांचे अवशेष आहेत. २०१७ साली तेथे फ्रान्स व जर्मनी यांनी संयुक्तपणे उभारलेले संग्रहालय खुले झाले. खंदक आजही वनात स्पष्ट दिसतात. दीर्घ उताराच्या ऐन मध्यावर हे स्थळ येत असल्याने अनेक गट येथे थांबतात.

## सुरक्षा आणि कायदा

फ्रान्समध्ये वाहने रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात आणि सायकलला कायद्याने वाहन मानले जाते. त्यामुळे मद्यपानाची मर्यादा सायकलस्वारांनाही लागू होते. रक्तात प्रतिलिटर ०.५ ग्रॅम किंवा त्याहून अधिक अल्कोहोल आढळल्यास दंड होतो आणि ०.८ ग्रॅमपासून तो फौजदारी गुन्हा ठरतो. या कारणास्तव सुज्ञ आयोजक वाइनची चव घेण्याचा कार्यक्रम दिवसाचे अंतर कापून झाल्यावर, मुक्कामाच्या गावी ठेवतात.

बारा वर्षांखालील मुलांना २०१७पासून हेल्मेट सक्तीचे आहे. प्रौढांना ते सक्तीचे नसले तरी गटसहलींत सहसा वापरले जाते. सायकल चालवताना कानात इअरफोन घालण्यास मनाई आहे. रात्री किंवा अपुऱ्या प्रकाशात वस्तीबाहेर परावर्तक जॅकेट घालावे लागते. सायकलस्वाराला ओलांडताना मोटारचालकाने वस्तीत किमान १ मी. आणि वस्तीबाहेर १.५ मी. अंतर राखणे बंधनकारक आहे.

## परिणाम आणि प्रश्न

मळेवाटा या मूलतः कामाच्या वाटा आहेत. छाटणी, फवारणी आणि वेचणीच्या काळात त्यांवरून अरुंद ट्रॅक्टर सतत ये-जा करतात. चिखल, दगड आणि पडलेली द्राक्षे यांमुळे वाट निसरडी होते. हंगामातील मोठे गट वाट अडवतात, द्राक्षे तोडतात किंवा फवारणी चालू असलेल्या ओळींत शिरतात, अशा तक्रारी होतात. ट्रॅक्टरला वाट देणे, ओळींत न शिरणे आणि द्राक्षे न तोडणे या बाबी मार्गदर्शक पहिल्याच दिवशी समजावून सांगतात.

दुसरा प्रश्न गर्दीच्या विषम वाटणीचा आहे. रिक्व्हिर, एगिसहाइम आणि कायझर्सबेर्ग ही गावे उन्हाळ्यात व नाताळच्या बाजारांच्या काळात पाहुण्यांनी भरून जातात, तर उत्तरेकडील मार्लेनहाइमजवळच्या किंवा दक्षिणेकडील रुफाकच्या पलीकडच्या गावांत तुलनेने थोडेच थांबतात. सायकल सहलींमुळे ही वाटणी काही अंशी सुधारते. दिवसाला तीस-चाळीस कि.मी. जाणाऱ्या प्रवाशाला लहान गावांतही पाणी, जेवण आणि मुक्काम लागतो. जून महिन्याच्या पहिल्या रविवारी ‘स्लोअप अल्सास’ या उपक्रमात सेलेस्ता, शातेन्वा व बेर्गहाइम परिसरातील काही रस्ते मोटारींना बंद करून सायकलस्वार व पादचाऱ्यांना मोकळे ठेवले जातात. हा उपक्रम २०१३ साली सुरू झाला.

माथ्यावर उन्हाळी शनिवार-रविवारी मोटारसायकलींचा आवाज आणि वेग हा सायकलस्वार व रहिवासी या दोघांच्याही तक्रारीचा विषय असतो. वन्यजीवांचा प्रश्नही तेथेच तीव्र आहे. कॅपरकेली हा लाजाळू वनपक्षी व्हॉझमधून जवळजवळ नाहीसा झाल्यावर २०२४ साली नॉर्वेहून पक्षी आणून सोडण्यात आले. वनातील काही भागांत शांतता राखण्याचे आवाहन केले जाते आणि तेथे वाट सोडून सायकल नेणे अनुचित मानले जाते.

हवामानबदलाचे परिणाम दोन्ही पट्ट्यांत दिसतात. द्राक्षांची वेचणी पूर्वी प्रामुख्याने ऑक्टोबरमध्ये होत असे. आता ती अनेक वर्षी ऑगस्टअखेरीस किंवा सप्टेंबरच्या प्रारंभी सुरू होते. उष्ण उन्हाळ्यांमुळे पिनो न्वारची प्रत उंचावली असून २०२२ साली या लाल जातीलाही दोन मळ्यांसाठी प्रथमच ‘ग्रां क्र्यू’ दर्जा मिळाला. वनात मात्र २०१८पासूनच्या दुष्काळी वर्षांत स्प्रूस व फरची झाडे मोठ्या प्रमाणावर वाळली आणि खोडकिड्यांनी हानी वाढवली. वाळलेली झाडे व फांद्या पडण्याचा धोका असल्याने काही वनवाटा तात्पुरत्या बंद ठेवाव्या लागतात आणि अशा वेळी सहलींचे मार्ग ऐनवेळी बदलतात. मळ्यांत लवकर पिकलेले द्राक्ष आणि वर वाळलेला वृक्ष हे एकाच तापमानवाढीचे दोन परिणाम या प्रदेशातून जाणाऱ्या प्रवाशाला एका दिवसाच्या अंतरात पाहावयास मिळतात.